अक्कांचे चाळीस सेकंद

४ मार्च

अक्का,
नमस्कार.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र टाकते आहे. पत्ता तुमच्या जुन्या अर्जावरून घेतला. तुमच्या बहिणीच्या घरचा आहे. तुम्ही अजून तिथेच असाल असं धरून चालते.

विशेष काही नाही. स्टरिलायझरच्या झाकणाचं रबर गेलं आहे आणि जादाचं रबर तुम्ही कुठे ठेवलंत ते सापडत नाही. तीन कपाटं उपसली. एका डब्यावर तुमच्या अक्षरात 'लागेल तेव्हा' असं लिहिलेलं निघालं. आत दुसरी डबी, तिच्यावर 'लागणार नाही, पण असू दे'. तिच्यात माझा दोन वर्षांपूर्वी हरवलेला चष्मा. मी एकटीच मोठ्याने हसले. खुर्चीत तोंड उघडून बसलेले गृहस्थ घाबरले.

दवाखाना छान चालला आहे. तुमच्या जागी अजून कोणाला घेतलेलं नाही. एका हातात आरसा, दुसऱ्या हातात निळा लाइट, सक्शनची नळी पेशंटच्याच हातात. जमतं. माणसाला सगळ्याची सवय होते.

सप्टेंबरात झालं ते झालं. तुम्हीही बोललात, मीही बोलले. चौदा वर्षं बरोबर काम केल्यावर एकदा भांड्याला भांडं लागणारच. मी ते मनात ठेवलेलं नाही.

रबराचं तेवढं कळवा.

ता. क. : दाढ भरून झाली की कागदावर उरलेला मटेरियलचा गोळा तुम्ही लाइटखाली धरायचात आणि मग उलटून त्याला नख लावायचात. त्यात नेमकं काय बघत होतात? सहज विचारते आहे.


१९ मार्च

अक्का,

तुमचं कार्ड मिळालं. दोनच ओळी. रबर बेसिनखाली निळ्या पिशवीत होतं, अगदी तुम्ही लिहिलंत तिथे. दुसरी ओळ मात्र मी चार वेळा वाचली. 'गोळ्याचं तेव्हाच सांगितलं होतं.'

हो. सांगितलं होतंत.

तर आता खरं लिहिते. 'छान चालला आहे' हे खोटं होतं. फिलिंग परत येताहेत, अक्का. डिसेंबरात दोन आली, जानेवारीत चार, फेब्रुवारीत नऊ. कोणाला गार पाणी झोंबतं, कोणाचा कोपरा तुटून हातात येतो, कोणाच्या फिलिंगच्या कडेने काळी रेघ उमटते. मी आधी मटेरियलला नावं ठेवली आणि कंपनी बदलली. मग पेशंटच्या चावण्याला नावं ठेवली. एका बाईंना तर म्हटलं, "तुम्ही झोपेत दात खाता." त्या म्हणाल्या, "मी झोपतच नाही हो, या दाढेच्या ठणक्याने." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

मागच्या आठवड्यात घड्याळजी आले. बाजाराच्या कोपऱ्यावरचे, ते डोळ्यावरचं भिंग काढायला विसरून तसेच खुर्चीत बसायचे, ते. त्यांची उजवी दाढ मी नोव्हेंबरात भरली होती. आता दुखते म्हणाले. वरून टोचून पाहिलं तर टक्क वाजलं, दगडासारखं. मनात आलं, यात काय बिघडणार? तरी उघडली. वरचा थर निघाला आणि ड्रिलच्या टोकाला काहीतरी चिकटून यायला लागलं. वरून दगड आणि खाली मऊ मेण! अक्का, पंचवीस वर्षांच्या कामात मी इतकी कधी घाबरले नव्हते. ते मटेरियल प्रकाशानेच कडक होतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. निळा प्रकाश आत जाईल तेवढंच धरतं, जिथे पोचत नाही तिथे ते नळीतून काढल्यासारखं मऊच राहतं. घड्याळजींच्या दाढेत तो तळापर्यंत पोचलाच नव्हता. चार महिने ते कच्च्या तळावर चावत होते.

चूळ भरून घड्याळजी म्हणाले, "डावीकडची बघा, ती उत्तम आहे. मे महिन्यातली."

पाहिली. खरंच उत्तम.

"ती अक्कांच्या वेळची," ते म्हणाले. "तेव्हा दर थराला दोनदा टीं वाजायचं. चाळीस सेकंद. तुम्ही धरता तेव्हा एकदाच वाजतं."

"तुमचा काहीतरी गैरसमज होतोय," मी म्हटलं.

"डॉक्टर, मी घड्याळजी आहे. सेकंदांच्या बाबतीत माझा गैरसमज होत नाही."

लाइट वीस सेकंदांनी आपोआप बंद होतो आणि टीं वाजतं. तुम्ही लाइट धरलात की निळ्या उजेडाकडे बघायचं नाही म्हणून मी दरवेळी मान फिरवून कार्ड लिहायला घ्यायचे. तुम्ही मागे काय करत होतात ते मी कधी पाहिलंच नाही. अधूनमधून दुसरं टीं कानावर यायचं. त्याचा अर्थ मी काय लावला होता, ते तुम्हाला माहीत आहे. सगळ्या पेशंटसमोर बोलले होते मी.

खरंच दर वेळी चाळीस देत होतात का? एवढंच कळवा.


२ एप्रिल

अक्का,

तुमचं उत्तर नाही. बरोबरच आहे. ज्याचं उत्तर मीच शोधायला हवं ते मी तुम्हाला विचारत बसले.

शोधलं. घड्याळजींनी एक स्टीलची बारीक नळी कापून दिली, सहा मिलिमीटर खोल, कडा अशा गुळगुळीत की बघत राहावं. तिच्यात मटेरियल ठासलं, वरून वीस सेकंद लाइट दिला, मग खालून बाहेर काढून मऊ भाग खरवडून टाकला. कडक राहिलेला तुकडा मोजायचा आणि त्याचं निम्मं खरं धरायचं, असा नियम आहे. निम्मं आलं एक पूर्णांक तीन दशांश. मी थर देते दोन मिलिमीटरचा. म्हणजे प्रत्येक थराची खालची बाजू कच्ची. मग चाळीस सेकंद दिले. निम्मं आलं बरोबर दोन.

तुमचं नख आणि माझी ही सगळी यातायात, उत्तर एकच.

माझी एक वर्गमैत्रीण दातांच्या कॉलेजात शिकवते. लाइट घेऊन तिच्याकडे गेले. तिने तो उजेड मोजायच्या मीटरवर टेकवला. नवा होता तेव्हा हजाराच्या वर होता, आता तीनशे दहा. "डोळ्याला कळत नाही गं," ती म्हणाली, "निळं ते निळंच दिसतं." मग तिने पुढची काचेची कांडी काढून खिडकीकडे धरली आणि मला बघायला सांगितलं. निम्म्या गोलात काळे ठिपके. आतले धागे तुटलेले.

"पडला होता का कधी?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

अक्का, पडला होता. गेल्या वर्षी अकरा जानेवारीला. तुम्ही त्या दिवशी रजेवर होतात. माझ्या कोटाच्या खिशात अडकवलेला होता, वाकले आणि फरशीवर आपटला. उचलला, हातावर उजेड पाडून पाहिला, निळा पडला. स्टँडला लावून टाकला. कोणाला सांगितलं नाही, कारण आदल्याच महिन्यात तो टेबलावर ठेवल्याबद्दल मी तुम्हाला अर्धा तास व्याख्यान दिलं होतं. कुठल्या तोंडाने सांगणार?

मैत्रिणीच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. तिला म्हटलं, "पडला होता. माझ्या हातून." ती म्हणाली, "मला कळलंच होतं. बस, चहा घे."

अजून एक आहे, आणि ते लिहायला सगळ्यात जड जातंय.

सप्टेंबरात एकाच आठवड्यात दोन फिलिंग निखळून आली आणि मी भर दवाखान्यात तुम्हाला म्हटलं, "तुमचा हात थरथरतो, लाइट हलतो, म्हणून दोनदा द्यावा लागतो आणि तरी फिलिंग टिकत नाही. वय झालं आता तुमचं." तुम्ही एवढंच म्हणालात, "बाई, हाताचं असेल ते असेल, पण लाइट पूर्वीसारखा राहिलेला नाही. गोळा खालून नख घेतो." मी म्हटलं, "तुम्ही तुमचं काम बघा." तुम्ही ॲप्रन काढलात, घडी घातलीत आणि गेलात.

काल ती दोन्ही कार्डं काढली आणि हजेरीवहीशी ताडून पाहिली. दोन्ही दाढा जूनमध्ये भरलेल्या. तुमची बहीण आजारी होती म्हणून तुम्ही आठ दिवस गावाला गेला होतात, त्या आठ दिवसांतल्या. लाइट मी धरला होता, अक्का. दोन्ही वेळा. तुम्ही तिथे नव्हताच.

आणि तुमचा हात थरथरतो हे मला वर्षभर आधीपासून दिसत होतं. मी डॉक्टर आहे. एका शब्दाने विचारायला हवं होतं, 'अक्का, दाखवलंत का कोणाला?' विचारलं नाही. भांडणात वापरायला मात्र नेमकं आठवलं.

आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लाइट बदल, नवीन फिलिंग नीट कर, आणि जुन्यांतलं जे येईल ते निस्तर. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपणहून सगळ्यांना बोलावणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण." मी म्हटलं, "हाताचं नाही हो, दातांचं आहे." ते हसले नाहीत. मीही नाही.

मी बोलावणार आहे. तुम्ही गेल्यापासून भरलेल्या आणि जूनच्या त्या आठ दिवसांतल्या मिळून एकशे त्रेसष्ट दाढा आहेत. उद्यापासून फोन सुरू करते.

क्षमा मागते. त्याच्या मोबदल्यात काही मागत नाही.


११ एप्रिल

बाईंना नमस्कार.

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. तिसरं बहिणीने मोठ्याने वाचलं, तिला रडू आलं. ती कशालाही रडते.

होय, दर थराला चाळीस. गेल्या वर्षी जानेवारीत गोळा खालून मऊ लागला तेव्हापासून. तुम्हाला दोनदा सांगितलं. एकदा तुम्ही फोनवर होतात, एकदा म्हणालात कंपनीच्या माणसाला विचारू. मग मी म्हटलं, राहू दे, आपल्या हातात बटण आहे, दोनदा दाबू. बटण दाबायला डॉक्टर लागत नाही. लाइट पडला असेल असं मला वाटलंच होतं. काचेच्या कडेचा टवका उडाला होता. तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहिली.

जूनमध्ये जाताना तुम्हाला चाळीसचं सांगून जायला हवं होतं. घाईत राहिलं. त्या दोन माणसांना त्यामुळे भोगावं लागलं. ती चूक माझी धरा.

हात थरथरतो हे खरं आहे. तुम्ही खोटं बोलला नाहीत. चारचौघांत बोललात, एवढंच.

सगळ्यांना बोलावताय ते चांगलं करताय. बेकरीवाल्या बाईंना सकाळी बोलावू नका, त्यांची भट्टी असते. क्लॅरिनेटवाल्यांचा पुढचा दात आधी बघा, त्यांचं पोट त्यावर आहे.

अक्का


२२ एप्रिल

अक्का,

तुमचं पत्र कोटाच्या खिशात घेऊन हिंडते आहे. 'ती चूक माझी धरा' हे वाक्य मात्र मला मान्य नाही. ते खोडून पत्र तुम्हाला परत पाठवीन म्हणते.

पहिल्या दिवशी अकरा फोन केले. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, तरी पहिल्या तीन वेळा अडखळले. 'माझा लाइट खराब झाला होता, मला ते कळायला हवं होतं, कळलं नाही. तुमचं फिलिंग आतून कच्चं असू शकतं. या, पुन्हा करून देते, काही द्यायचं नाही.' बहुतेक जण म्हणतात, "बरं, कधी येऊ?" एवढंच! मी रात्रंदिवस ज्याची धास्ती घेतली होती ते इतकं साधं निघालं. एक आजोबा म्हणाले, "आमच्या वेळी चांदी भरायचे, तिला कसला लाइट न् कसलं काय," आणि मग अर्धा तास चांदीवर बोलले.

सगळेच असे नव्हते. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या, उभ्यानेच बोलल्या. "मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं की दुखतंय. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, मनाचे खेळ आहेत. फिलिंगचं मला काही वाटत नाही, मशीन बिघडतं. पण तुम्ही मला खोटं पाडलंत." फाइल मागितली आणि दुसरीकडे गेल्या. मी दारापर्यंत गेले. त्यांचं बरोबर होतं. मी दोन बायकांना खोटं पाडलं, त्यांतल्या एक त्या आणि दुसऱ्या तुम्ही.

आता दुसरी बाजू. ह्यासाठीच खरं तर आज लिहायला बसले.

तुमच्या वेळच्या, म्हणजे लाइट पडल्यापासून सप्टेंबरपर्यंत तुम्ही लाइट धरलेल्या लोकांनाही मी तपासणीला बोलावलं. वाटलं, तिथेही थोडंफार असेलच. एक्काहत्तर दाढा पाहिल्या. कडा घट्ट, रंग जसाच्या तसा, कोणाला झोंबणं नाही. एक्काहत्तरांतली एकच पुन्हा करावी लागली, आणि ती बाटल्यांची झाकणं दातांनी उघडणाऱ्या गृहस्थांची आहे. बेकरीवाल्या बाईंना दुपारी बोलावलं. त्यांची मागची दाढ म्हणजे इतकी खोल की तिथे लाइट टेकतच नाही, लांबूनच द्यावा लागतो आणि लांब गेला की आणखी कमी पडतो. ती तर फुटलेलीच असणार असं मी धरून चालले होते. शाबूत! "अक्का माझ्या जबड्यावर कोपर टेकवून बसायच्या," त्या म्हणाल्या, "मी म्हटलं, बाई, आता काय आत उतरता का?" आणि क्लॅरिनेटवाल्यांचा पुढचा दात. जुलैत भरलेला. त्यांनी खुर्चीतच वाद्य काढून वाजवून दाखवलं. बाहेर बसलेले लोक आत डोकावले. दात हलला नाही, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

अक्का, आठ महिने तुम्ही रोज माझी चूक तुमच्या हाताने सावरत होतात. थरथरत्या हाताने, दुप्पट वेळ. वर माझ्याकडून 'किती हळू करता' हे ऐकून घेत होतात. ही सगळी माणसं आज सुखाने जेवतात ती तुमच्यामुळे, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. आता माहीत आहे. मी प्रत्येकाला सांगते आहे, खुर्चीवरून उठायच्या आत.

बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, "मग त्यांना परत का आणत नाही?" मी म्हटलं, "मला तोंड नाही." त्या म्हणाल्या, "मला आहे, पत्ता द्या." पत्ता दिलेला नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय देणार नाही.

एक विनंती आहे. परत कामाला या असं म्हणत नाही. पुढच्या महिन्यात आमच्या दातांच्या डॉक्टरांची सभा आहे. मी उभी राहून हे सगळं सांगणार आहे. मैत्रीण मीटर आणणार आहे, प्रत्येकाने आपापला लाइट घेऊन यायचं ठरलंय. तुम्ही याल का? बोलायचं नसेल तर बोलू नका. नुसत्या बसा.


२५ मे

अक्का,

तुम्हाला बसमध्ये बसवून आले आणि ह्यांना सांगून झाल्यावर लगेच लिहायला बसले. तुम्ही घरी पोचायच्या आधी पत्र टाकून यावं असा विचार आहे. समोर असताना मला नीट बोलता येत नाही, हे आता दोघींनाही कळलं आहे.

तुम्ही याल असं मला शेवटपर्यंत वाटलं नव्हतं. सभागृहाच्या दारात तुम्ही उभ्या दिसलात, इस्त्रीची साडी, हातात पिशवी, आणि पहिलं वाक्य काय, तर "बाई, बारीक झालात. जेवत नाही का?" मी दोन महिने मनात घोकलेलं सगळं विसरले.

मी बोलत असताना तुम्ही खाली मान घालून बसला होतात. म्हणून समोर काय चाललं होतं ते तुम्हाला दिसलं नसेल. सुरुवातीला मागच्या रांगेत कुजबुज होती. लाइट पडल्याचं सांगितलं तेव्हा दोघे हसले. जूनच्या आठ दिवसांचं सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही. ते आमचे ज्येष्ठ डॉक्टर, सगळ्यांना 'अरे पोरा' म्हणणारे, उठून म्हणाले, "माझा लाइट गेल्याच वर्षी घेतलाय, मला हे लागू नाही." पण लाइट मात्र हळूच पिशवीतून काढला.

मग मीटरची वेळ आली आणि मी तुम्हाला पुढे बोलावलं. हे मी आधी सांगितलं नव्हतं, तेवढं पोटात घाला. तुम्ही आलात. पहिला लाइट हातात घेतलात, मीटरवर टेकवलात आणि आकडा नाचायला लागला. तीनशे, सहाशे, चारशे. वाटलं, हे काय करून ठेवलं मी, पुन्हा चारचौघांत.

तुम्ही लाइट माझ्या हातात दिलात आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणालात, "माझा हात थरथरतो. बाई लाइट धरतील, मी आकडा वाचते. नंबर लावा."

आणि सगळे डॉक्टर निमूटपणे रांगेत उभे राहिले, अक्का. सदतीस जण. मी धरत होते, तुम्ही वाचत होतात. "नऊशे, चांगला आहे." "अकराशे." "दोनशे चाळीस. याला वाळलेलं मटेरियल चिकटलंय, आधी काच पुसत जा." "पाचशे. दुहेरी प्लास्टिक का घालता वर? एक काढा. बघा, साडेसहाशे." ज्येष्ठ डॉक्टरांचा निघाला दोनशे नव्वद. त्यांनी मीटर हलवून पाहिला, उलटा करून पाहिला. तुम्ही म्हणालात, "मीटरला नावं ठेवू नका, आमच्या बाईंनी तेच केलं होतं." सभागृह हसलं आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.

सदतिसांतले चौदा कमी निघाले. चौदा दवाखाने! प्रत्येकाच्या वहीत किती तोंडं असतील याचा हिशेब मी केला नाही. तुम्ही चहा घेत होतात तेव्हा तिघे माझ्यापाशी आले, उद्यापासून फोन करायला घेतो म्हणाले. काय बोलायचं तो माझा कागद त्यांनी उतरवून घेतला. ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, "त्या बाई महिन्यातून एकदा येतील का आमच्याकडे? लाइट मी धरीन." मी म्हटलं, त्यांनाच विचारा. या आठवड्यात फोन करतील. उचला.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी तुला गप्प बसायला सांगितलं होतं. बरं झालं, ऐकलं नाहीस." लग्नानंतर हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. हेही तुमच्याच खात्यावर.

बसस्टँडवर मी हाताचं विचारलं. उशिरा विचारलं, पण विचारलं. तुम्ही म्हणालात, "दाखवीन कधीतरी." मी म्हटलं, "कधीतरी नाही, दहा तारखेला, मी वेळ घेते." तुम्ही बसची पाटी वाचलीत आणि म्हणालात, "बरं. पण तुम्ही बाहेर बसायचं. आत येऊन त्या डॉक्टरांना शिकवायचं नाही."

कबूल. बाहेर बसेन.


१६ जून

अक्का,

गोळ्या सुरू झाल्या असतील. पहिले आठ दिवस गरगरल्यासारखं वाटेल, मग बसेल, असं त्यांनी सांगितलं आहे. उठताना सावकाश उठा. तुम्ही आतून बाहेर आलात आणि म्हणालात, "काही मोठं नाही, नुसता कंप आहे, पुष्कळांना असतो," तेव्हा मी काय केलं आठवतं का? मी तुम्हाला 'बघा, मी सांगितलं नव्हतं?' म्हणाले. मी काहीही सांगितलेलं नव्हतं. नुसती जीव मुठीत धरून बसले होते.

पंचवीस वर्षं लोकांना बाहेर बसवलं मी. बाहेर बसणं काय असतं ते दहा तारखेला कळलं. खुर्ची टोचते, घड्याळ पुढे सरकत नाही, आतलं दार जरा हललं की उगाच उभं राहावंसं वाटतं. आल्या दिवशी माझ्या दवाखान्यातल्या बाहेरच्या खुर्च्या बदलायला सांगितल्या. आणि आता पेशंट आत असला की मी मधेच बाहेर डोकावून 'होतंय हं, थोडंच राहिलंय' असं सांगून येते. लोक दचकतात. होईल सवय.

मुख्याध्यापिकांना मी पत्र लिहिलं. सबब कोणतीच दिली नाही. उत्तर आलेलं नाही. आलं नाही तरी चालेल.

तुम्ही महिन्यातून दोन दिवस येणार, लाइट तपासायला, हे कळलं. ज्येष्ठ डॉक्टरांनी फुशारकी मारत सांगितलं, जणू तुम्ही त्यांनाच सापडलात. माझ्याकडे राहायचं. बहिणीलाही आणा. रडू दे तिला.

अजून एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. तुम्ही आत गेलात आणि खिडकीतल्या बाईंनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. नाव, वय, पत्ता भराभर लिहिलं. मग 'सोबत आलेल्या व्यक्तीचं पेशंटशी नातं' असा रकाना होता. मी थांबले. चौदा वर्षं माझ्याकडे होतात असं लिहू? ओळखीच्या? मदतनीस? काहीच बरोबर वाटेना. मागे रांग होती. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही त्यांच्या कोण, एवढंच लिहायचंय."

मी 'धाकटी बहीण' लिहिलं.

त्यांनी फॉर्म पाहिला, तुमच्या नावाकडे आणि माझ्या नावाकडे पाहिलं आणि शिक्का मारला. पुढच्या तपासणीला तोच फॉर्म लागणार आहे. तुम्हाला चालणार नसेल तर तसं कळवा, मी जाऊन खोडून येईन.

तुमची,
बाई